नागपूरजवळ जंगलाच्या काठावर तंबूत राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की, आणि मग पुन्हा मार्चअखेरीस परीक्षा आटोपल्या की, लोक आम्हाला तेच ते प्रश्न पाठवतात. त्यातले नेहमीचे खाली घेतले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेंच किंवा ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून रात्र काढता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही. पर्यटकाला जी परवानगी मिळते ती सफारीपुरती असते: ठरलेल्या गेटने आत जायचं, ठरलेल्या वेळेत बाहेर यायचं. जाहिरातीत ‘नॅशनल पार्कमध्ये टेंट’ असं दणक्यात लिहिलेलं असलं, तरी तो तंबू बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एखाद्या गावाच्या शिवारात, रिसॉर्टच्या कुंपणात नाहीतर गेटलगतच्या वनविभागाच्या संकुलात असतो.

यात हिरमुसण्यासारखं काही नाही. जिप्सीत बसून जंगल दिसतं, पण ऐकू फारसं येत नाही. काठावर रात्री रातव्याची एकसुरी टकटक सुरू होते, मध्येच चितळ ओरडतं आणि सगळं एकदम गप्प होतं. हे सफारीच्या तिकिटात मिळत नाही. मात्र तो काठ रिकामा नसतो. कुणाचं तरी धान तिथे उभं असतं, कुणाची गुरं बांधलेली असतात आणि जनावरांची पाण्याकडे जायची वाटही तिथूनच असते. पुढच्या उत्तरांतले बहुतेक नियम यातूनच आले आहेत.

खऱ्या अर्थाने जंगलात रात्र काढायची एक संधी वर्षातून एकदा मिळते, ती प्रश्न १८ मध्ये.

२. कॅम्पिंग आणि ग्लॅम्पिंग यात नेमका फरक काय?

कॅम्पिंगमध्ये तंबू, सतरंजी आणि सामायिक संडास-बाथरूम. ग्लॅम्पिंगमध्ये पलंग, गादी, जोडलेलं न्हाणीघर, कूलर किंवा एसी असलेला मोठा कापडी तंबू, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘स्विस टेंट’ म्हणतात. मधलेही बरेच प्रकार आहेत. सिमेंटच्या चौथऱ्यावर पक्की भिंत आणि वर नुसतं कापडाचं छत, तरी नाव तंबूच. त्यामुळे नावावर जाऊ नका. भिंत कापडाची आहे की विटांची, एवढं विचारून घ्या.

३. नागपूरहून दोन दिवसांसाठी कुठे जावं?

बहुतेकांसाठी आमचं पहिलं उत्तर पेंच, महाराष्ट्राच्या बाजूचं. जबलपूर रोडने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने, कामठी, कन्हान, मनसर करत गेलं की पवनीहून सिल्लारीला वळता येतं. नागपूरपासून साधारण ७० किलोमीटर. सिल्लारीला वनविभागाचं ‘अमलतास’ संकुल आहे. आजूबाजूला खासगी मुक्कामही आहेत. चोरबाहुली गेट त्याआधी लागतं, खुर्सापार पुढे मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. गर्दी नको असेल तर कोलितमाऱ्याकडे जा. तो रस्ता पारशिवनीवरून जातो आणि तिकडे नदीचं पाणी आहे. वाघ दिसण्याचा हट्ट नसेल तर शांततेसाठी आम्हाला तीच बाजू जास्त आवडते.

ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. वाघासाठी लोक तिथेच धावतात आणि त्यामुळेच मोहर्ली-कोलारा भागात शनिवार-रविवारी शांतता शोधावी लागते. नागपूरकरांना कोलारा गेट सोयीचं, उमरेड-चिमूर मार्गे शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे. मोहर्लीला जायचं तर चंद्रपूरकडून वळसा पडतो.

बोर हा वर्धा जिल्ह्यातला प्रकल्प २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. बोरधरणचं पाणी आणि टेकड्या सुंदर आहेत, राहण्याच्या सोयी मोजक्या. उमरेड-कऱ्हांडला हे राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे. अंतर कमी असल्याने तिथे एका दिवसात जाऊन येणारेच जास्त.

हिवाळ्यात पक्षी बघायचे असतील तर नवेगावबांध. गोंदिया जिल्ह्यात सारस क्रौंच अजून टिकून आहेत आणि ते बघायला वाघाचं तिकीट लागत नाही. ते जंगलापेक्षा तळ्याकाठच्या धानाच्या बांध्यांत जोडीने दिसतात.

४. कोणत्या महिन्यात जावं?

तंबूसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण हिवाळा म्हणून हलक्यात घेऊ नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, आणि जंगलातल्या मोकळ्या पटांगणात शहरापेक्षा थंडी जास्तच लागते. दव इतकं पडतं की पहाटे तंबूच्या कापडाला आतून हात लावला तर बोटं ओली होतात. उशाशी ठेवलेली शाल दमट, बुटात पाणी. लोकरीची टोपी आणि मोज्यांची एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा. दोन ब्लँकेट मागायची असतील तर संध्याकाळीच मागा. रात्री दोनला कुणी आणून देत नाही.

मार्चमध्ये पळस फुललेला असतो, मोह गळायला लागतो आणि रात्री अजून गार असतात. आम्हाला विचाराल तर होळीच्या आगेमागे जाणं सगळ्यात चांगलं.

एप्रिल-मे वाघवाल्यांचा. पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात. पण मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश पाहिले आहेत. अशा दिवसांत दुपारी कापडी तंबूत बसवत नाही, कूलर असला तरी. त्या महिन्यांत जायचंच असेल तर पक्की खोली घ्या आणि रात्री अंगणात खाट टाका.

५. पावसाळ्यात सगळंच बंद असतं का?

कोअरमधली, म्हणजे गाभ्याच्या जंगलातली, सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. बफरमधली काही गेट पाऊसपाण्याचा अंदाज घेऊन सुरू ठेवतात, पण रस्ता चिखलाचा झाला की तीही ऐनवेळी बंद होतात. मुक्काम मात्र बहुतेक ठिकाणी सुरू असतो आणि दरही उतरलेले असतात. हिरवं रान, मोकळे रस्ते, मनसर-रामटेकच्या टेकड्यांवर उतरलेले ढग एवढंच हवं असेल तर ऑगस्ट उत्तम. अट एकच: तंबू चौथऱ्यावर असावा. जमिनीवरचा तंबू पावसाळ्यात का नको, ते प्रश्न १३ मध्ये वाचा.

६. पेंचला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणतात म्हणजे काय? आकाशासाठी कधी जावं?

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेचं मानांकन मिळालं. असं मानांकन मिळवणारं हे भारतातलं पहिलं ठिकाण. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलले गेले. उजेड आभाळाकडे न फाकता खाली जमिनीवर पडेल असे दिवे तिथे लावले. गाव अंधारात गेलं नाही, रस्ता दिसतोच, फक्त वर बघितलं की तारेही दिसतात.

आकाशासाठी जायचं तर आधी कॅलेंडर उघडा. अमावस्या आणि तिच्या मागचे-पुढचे चार दिवस. पौर्णिमेला जाऊन ‘काही दिसलं नाही’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री मृग, व्याध, कृत्तिका डोक्यावर येतात आणि दक्षिणेकडे खाली अगस्त्य चमकतो. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. उघड्या डोळ्यांनी, सतरंजीवर पाठ टेकून बघायचा. आकाशगंगेचा दाट पट्टा पाहायचा तर मार्चमध्ये पहाटे चारला उठावं लागतं. मेमध्ये तो मध्यरात्रीच्या सुमारास चढतो. ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर, संध्याकाळ सरता सरता नैर्ऋत्येला दिसतो. एप्रिल-मेमध्ये दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर त्रिशंकूही दिसतो, पण झाडांच्या वर जेमतेम येतो.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मध्ये एकदा मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद रबराने लावून न्या. आणि मुक्काम ठरवताना विचारा की अंगणातले दिवे रात्री बंद करता का? ‘रोषणाई आहे’ असं अभिमानाने सांगणाऱ्या ठिकाणी आकाशासाठी जाऊ नका, मग ते पेंचमध्ये का असेना.

७. स्वतःची गाडी नाही. एसटीने जमेल का?

रामटेक, देवलापारपर्यंत गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटीने जाता येतं, रामटेकला रेल्वेही जाते. अडचण पुढची आहे. हमरस्त्यापासून गेटपर्यंतच्या पट्ट्यात ऑटो मिळेलच असं नाही आणि अंधार पडल्यावर तर नाहीच. मुक्कामाच्या लोकांना फोन करून पवनी किंवा देवलापारला घ्यायला गाडी पाठवायला सांगा, बरेच जण पाठवतात. चौघं असाल तर नागपूरहून टॅक्सीच परवडते. काहीही करा, सूर्य मावळायच्या आत पोचा. महामार्गावर पेंचच्या हद्दीत जनावरांसाठी खाली भुयारी वाटा काढल्या आहेत, पण आतल्या गावरस्त्यांवर तशी सोय नाही. तिथे संध्याकाळी रानडुकरं आणि चितळं सरळ गाडीपुढे येतात.

८. बुकिंग करताना फसवणूक कशी ओळखायची?

सफारी आणि मुक्काम ही दोन वेगळी बुकिंग आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. सफारीचा परवाना वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच निघतो. त्यावरच्या नावाशी जुळणारं मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. ‘परवाना आमच्याकडे तयार आहे, नाव मागाहून टाकू’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

मुक्कामासाठी तीन गोष्टी विचारायच्या. गावाचं नाव काय? सगळ्यात जवळचं गेट कोणतं आणि किती किलोमीटर? तंबूच्या जागेचं लोकेशन पाठवता का? खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो. ‘पेंच’ म्हणून आगाऊ पैसे घेतलेला तंबू प्रत्यक्षात गेटपासून तासभर लांब निघाल्याच्या तक्रारी आमच्याकडे येत राहतात. फोटोंमध्ये मागे डोंगर आणि देवदार दिसत असतील तर ते विदर्भातलं नाही, एवढं तर कुणालाही कळेल.

दर करासहित आहे का, हेही विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के.

९. सिल्लारीला राहून तुरिया गेटने सफारी करता येईल का?

करता येते, पण तुरिया मध्य प्रदेशात आहे. जंगल एकच असलं तरी दोन राज्यांचे दोन प्रकल्प, परवाने वेगळे, संकेतस्थळं वेगळी. एकीकडचा परवाना दुसरीकडे चालत नाही. अंतर बघता तुरियासाठी खुर्सापारच्या बाजूला राहणं सोपं पडतं. साप्ताहिक सुट्टीही प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे न बघता सोमवारी रात्री जाऊन पोचणारे पुष्कळ आहेत.

१०. आमच्याकडे स्वतःचा तंबू आहे. कुठेही लावला तर चालेल?

वनजमिनीवर नाही, मग ती बफरमध्ये का असेना. शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात चालतं. पण गावात पोलीस पाटलाला आणि जमलं तर त्या बीटच्या वनरक्षकाला सांगून ठेवा. रात्री अनोळखी टॉर्च फिरताना दिसले की गावात शिकाऱ्यांचा संशय येतो, आणि तो रास्त आहे.

धरणाच्या किंवा नदीच्या कोरड्या पात्रात तंबू लावायचा मोह होतो. लावू नका. ती जागा खासगी नसते, वरून पाणी सोडलं तर कळायला वेळ मिळत नाही आणि पाण्याकाठी जनावरांचा राबता असतो. पोहायला उतरणं तर नकोच. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत.

११. शेकोटी पेटवता येईल का? वांग्याचं भरीत आणि रोडगे करायचे होते.

नागपूरकर माणूस तंबूत जाणार आणि रोडग्यांचा विषय निघणार नाही, असं होत नाही.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात आग पेटवणं गुन्हा आहे. शेतातल्या किंवा रिसॉर्टमधल्या ठरलेल्या चुलीवर मालकाच्या परवानगीने चालतं, तेही हंगाम बघून. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम. सागाची पानं तेव्हा पायाखाली पापडासारखी मोडतात. एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर गावाची अख्खी रात्र झाडाच्या हिरव्या फांद्यांनी आग झोडपण्यात जाते. या काळात उघड्यावरची शेकोटी नकोच, कुणी ‘चालतं हो’ म्हटलं तरी.

नोव्हेंबर-डिसेंबरात रोडगे करायचे तर गोवऱ्या गावातून विकत घ्या. जंगलातलं वाळकं लाकूड उचलू नका, पडलेलं असलं तरी ते जंगलाचंच. गोवऱ्यांचा आर वरून राखाडी दिसतो आणि आत तासन्‌तास धुमसतो. झोपायच्या आधी पाणी ओता, काडीने उकरा, पुन्हा पाणी ओता. राखेत हात घालून गार लागली की मगच सोडा.

१२. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत आहेत. जमेल?

जमेल, पण मग ग्लॅम्पिंगच घ्या आणि न्हाणीघर तंबूला जोडलेलं हवं. रात्री लघवीला बाहेर जावं लागणं हीच सगळ्यात मोठी अडचण असते, थंडी आणि जनावर दोन्ही दृष्टींनी. गुडघे दुखणाऱ्यांना जिप्सीत चढणं आणि तीन-चार तास हादरे खाणं जड जातं. त्यांना एक सफारी पुरे, किंवा तीही नको. सकाळी अंगणात खुर्ची टाकून हरियल, धनेश बघत बसलेल्या आजी जिप्सीतल्यांपेक्षा खुशीत असतात. औषधं दोन दिवसांची जास्त न्या.

१३. साप-विंचवाची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

वाघापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि लोक तो शेवटी, पुटपुटत विचारतात.

विदर्भात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही मुख्य विषारी साप आहेत. तंबूवाल्यांनी मण्यार लक्षात ठेवावी. ती रात्री फिरते, उबेला अंथरुणाजवळ येते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, आणि घरचे समजतात रात्रीचं जेवण बाधलं.

तंबूत शिरल्यावर दाराच्या चेनकडे नीट बघा. दोन्ही पट्ट्या जिथे जमिनीला टेकतात त्या कोपऱ्यात बहुतेक वेळा दोन बोटांची फट राहते. साप तिथूनच येतो. चेन खालपर्यंत ओढा आणि कोपऱ्यात आतून टॉवेलची घडी कोंबा. जमिनीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचा. बूट बाहेर ठेवू नका, ठेवलेच तर सकाळी उलटे करून झटका. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरडी जागा शोधतात, म्हणून तेव्हा जमिनीवरचा तंबू नको.

दंश झाला किंवा शंका जरी आली, तरी दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा गाडीत आडवं करून दवाखान्यात न्या. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नाही. मुक्कामाला पोचल्यावर लगेच विचारून घ्या की प्रतिविष मिळणारं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो आहेतच, पण तिथे पोचेपर्यंत जो वेळ जातो तो महत्त्वाचा.

आणखी एक, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं: स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याची साथ आली होती. झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो. गवतात उघड्या पायांनी बसू नका, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा. सहलीनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर ‘जंगलात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळेत कळलं तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.

१४. रात्री तंबूजवळ वाघ किंवा बिबट्या आला तर?

काठावरच्या गावांतून बिबट्या फिरतोच. तो कुत्री आणि शेळ्यांसाठी येतो. कुंपणाच्या आत, दिवा असलेल्या तंबूत झोपलेल्या माणसाशी त्याचं काही काम नसतं. ताडोबाच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यांत जाणारे बहुतेक जण गावकरीच असतात. गुरं चारायला, मोह आणि तेंदूपत्ता आणायला जंगलात गेलेले, पुष्कळदा वाकून काम करत असलेले. म्हणून पहाटे किंवा तिन्हीसांजेला ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणत शेतामागे जाणं आणि उघड्यावर बसणं, ही खरी जोखीम.

आमच्या मते अस्वलाची भीती जास्त बाळगावी. मोहाच्या दिवसांत ते झाडाखाली खाण्यात गर्क असतं, अचानक समोर माणूस आला की दचकून अंगावर येतं. पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा.

तंबूत खाणं ठेवू नका. संत्रा बर्फीचा उघडा डबा रात्री उंदरांना आणि रानडुकरांना बोलावतो, दिवसा माकडांना. जनावर दिसलंच तर फ्लॅश मारू नका, बाहेर येऊ नका, व्यवस्थापकाला फोन करा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६.

१५. आमचा कुत्रा खूप शहाणा आहे. आणू का? आणि ड्रोन?

दोन्ही नको. शहाणा कुत्राही बिबट्याला कुत्राच दिसतो. शिवाय कुत्र्यांचे आजार रानकुत्र्यांना आणि वाघांना होऊ शकतात. काही खासगी मुक्कामांवर पाळीव प्राणी घेतात, पण सफारीच्या वेळी त्याला कुठे ठेवणार? ड्रोन संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय उडवता येत नाही. गेटवर मोबाइल जमा करायला सांगितला तर हुज्जत घालू नका.

१६. दारूचं काय? उगाच अडचण नको.

जंगलात आणि सफारीत अजिबात नाही. मुक्कामावर काय चालतं ते त्या जागेच्या परवान्यावर आणि जिल्ह्यावर अवलंबून. लोक इथेच चुकतात. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात येतं आणि तिथली दारूबंदी २०२१ मध्ये उठली. बोर मात्र वर्धा जिल्ह्यात येतं आणि वर्ध्यात दारूबंदी आहे. नागपूरहून गाडीच्या डिकीत टाकून निघालात आणि सेलूकडे तपासणी लागली, तर सहल तिथेच संपते. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

१७. शांततेसाठी गेलो आणि शेजारच्या लॉनवर डीजे. काही करता येतं?

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा सगळीकडचाच नियम. आधी व्यवस्थापकाला सांगा, ऐकलं नाही तर ११२. पण तोवर तुमची रात्र गेलेली असते, म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारा: लग्नं, हळदी, कंपन्यांच्या पार्ट्या घेता का? एकूण किती तंबू आहेत? दहाच्या आत असतील तर बरं. ३१ डिसेंबरला कुठेही शांतता मिळायची नाही. २०२४ च्या त्याच दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. त्या आठवड्यात घरीच थांबा, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुठल्याही मंगळवार-बुधवारी निघा (सुट्टीचा वार बघून, प्रश्न ९). तेच ठिकाण, तोच तंबू, आणि आवाज फक्त पानांवरून टपकणाऱ्या दवाचा.

१८. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढता येते म्हणतात. ते खरं का?

खरं आहे. पूर्वी वैशाख पौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्यावर बसून प्राणी मोजायचे. आता वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप आहेत, त्यामुळे मचाणावरच्या या रात्रीला वनविभाग ‘निसर्गानुभव’ म्हणतो आणि ठरावीक संख्येने नागरिकांना सहभागी करून घेतो. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, म्हणून एप्रिल लागला की वनविभागाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. पर्यटकांच्या वाट्याला सहसा बफरमधली मचाणं येतात.

तारे बघायला ही रात्र कामाची नाही, चंद्र सगळं धुवून काढतो. त्यासाठी प्रश्न ६. मचाण म्हणजे बांबू-लाकडाची उंच बैठक, सोबत वनविभागाचा माणूस. पाणी भरपूर न्या, खाणं वास न येणारं आणि चुरचुर न वाजणाऱ्या डब्यात, कपडे मातकट रंगाचे, अत्तर-डिओ नको. रात्रभर मोठ्याने बोलता येत नाही, खोकला असेल तर खडीसाखर जवळ ठेवा. बऱ्याचदा अख्ख्या रात्रीत दोन रानडुकरं आणि एक मोर एवढंच दिसतं. एकदा चढलं की सकाळी गाडी न्यायला येईपर्यंत खाली उतरता येत नाही, नैसर्गिक विधीसाठीसुद्धा. हे जमणार नसेल त्यांनी अर्ज करू नये, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.